हप्ता येतो, पण कुठून?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "वर्षभरात मी बिटकॉइनचे ब्लॉक (व्यवहारांचे गठ्ठे) आणि व्यवहार वाचायला शिकलो. एका मायनिंग कंपनीच्या दोन वर्षांच्या योजनेत ०.४ बिटकॉइन गुंतवले आहेत, त्यातले ०.१ वैयक्तिक कर्ज काढून घेतले. दर सोमवारी ०.००५ बिटकॉइन न चुकता माझ्या वॉलेटमध्ये येतात. आतापर्यंत २२ हप्ते आले. हे सुटे तुकडे एकत्र करून ठेवावेत का? लगेच करावं, की फी उतरेपर्यंत थांबावं? कंपनीने दिलेला मायनिंगचा पुरावा आणि नवव्या हप्त्याचा ट्रान्झॅक्शन आयडी सोबत जोडतो. दोन्ही स्वतः तपासलेत, खरे आहेत. दोन महिन्यांचे हप्ते नीट आलेले पाहून मेहुण्यानेही ०.०६ भरले. आता आणखी ०.२ टाकायचा विचार आहे."

आधी विचारलेल्याचं उत्तर देतो, म्हणजे ते बाजूला ठेवता येईल. २२ तुकडे एका व्यवहारात गोळा करायचे तर प्रत्येकाला साधारण ६८ व्हर्च्युअल बाइट लागतात (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक, फी त्यावरच ठरते). वरचं किरकोळ धरून दीड हजार. गर्दी नसताना बाइटमागे २ सातोशी दर असेल तर फी ३ हजार सातोशी. गर्दीत ५० असेल तर ७५ हजार. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी, म्हणजे योग्य वेळ साधून तुमचे वाचणार सुमारे ०.०००७ बिटकॉइन. वाचवावेत, हरकत नाही.

पण तुमचे ०.२९ अजून त्या कंपनीकडे अडकलेत आणि आणखी ०.२ तुम्ही घालायला निघालात. या दोन्हींची बेरीज त्या बचतीच्या सातशेपट आहे. त्याबद्दल पत्रात एकही प्रश्न नाही.

तुम्ही जोडलेला 'मायनिंगचा पुरावा' उघडून पाहिला. व्यवहार खरा आहे, ब्लॉकही खरा आहे. तो कॉइनबेस व्यवहार आहे, म्हणजे ब्लॉकमधला पहिला, ज्यातून खाणवाल्याला, म्हणजे मायनिंग करून तो ब्लॉक जोडणाऱ्याला, नवीन नाणी आणि त्या ब्लॉकमधल्या फीची रक्कम मिळते. (त्या नावाच्या, नाणी विकत घ्यायच्या-विकायच्या एक्स्चेंजशी याचा संबंध नाही.) यात मागच्या कुठल्याच व्यवहारातून पैसे आलेले नसतात. जिथे मागच्या व्यवहाराचा हॅश, म्हणजे आयडी, असायला हवा तिथे नुसती शून्यं असतात. शेजारी थोडी मोकळी जागा असते, तिथे मायनिंग पूल (एकत्र काम करणाऱ्या खाणवाल्यांचे गट) बहुधा आपलं नाव लिहितात. तुम्ही पाठवलेल्या व्यवहारात तिथे नाव आहे. ते एका मोठ्या पूलचं आहे, तुमच्या कंपनीचं नाही. 'आम्ही त्या पूलमार्फत काम करतो' असं ते सांगतील. सांगू देत. त्या ब्लॉकवरून तरी ते सिद्ध होत नाही.

व्यवहार अस्तित्वात आहे एवढंच तुम्ही तपासलंत. तो कोणाचा, हे तपासलं नाहीत, आणि ते नुसतं बघून तपासताही येत नाही, कारण ब्लॉकमध्ये पत्ते असतात, माणसांची नावं नसतात. सगळ्यात पहिल्या ब्लॉकच्या कॉइनबेसमध्ये ३ जानेवारी २००९च्या लंडनच्या 'द टाइम्स'चा मथळा कोरलेला आहे. त्याचा आयडी मी आत्ता तुम्हाला पाठवू शकतो. तोही 'तपासून खरा' निघेल. म्हणून मी बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो ठरतो का? दुसऱ्याच्या बंगल्यासमोर उभं राहून काढलेल्या फोटोत बंगला खराच असतो.

मालकी दाखवायची एक साधी पद्धत आहे. पत्त्याची खासगी किल्ली ज्याच्याकडे असते, तोच त्या पत्त्याच्या नावाने संदेशावर डिजिटल सही करू शकतो. तुम्ही सुचवलेलं एखादं वाक्य, आजची तारीख घालून, त्या पत्त्याने सही करून मागा. दहा मिनिटांचं काम आहे. मिळेल असं मला वाटत नाही. सुरक्षेची, धोरणाची, वरिष्ठांच्या परवानगीची कारणं मिळतील.

आता नववा हप्ता. खरा माल इथे आहे आणि तुम्ही त्यावरून नुसती नजर फिरवलीत. या व्यवहारात तीन आदानं (आत आलेल्या रकमा) आहेत: ०.२, ०.१५ आणि ०.०६. बेरीज ०.४१. प्रदानं (बाहेर गेलेल्या रकमा) ४१ आहेत. त्यातली ४० तुमच्यासारख्यांना, ०.००२५, ०.००५, ०.०१ अशा गोल आकड्यांत, एकूण ०.३८. एकेचाळिसावं ०.०२९७ म्हणजे सुटे परत. उरलेले ०.०००३ फीचे. फी व्यवहारात कुठेच लिहिलेली नसते, आत आलेल्यातून बाहेर गेलेले वजा केले की जे उरतं ती फी. हे लक्षात ठेवा, खाली लागेल.

ती तीन आदानं कुठून आली? प्रत्येकावर क्लिक करून एक पायरी मागे गेलो. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून, हप्त्याच्या आधीच्या दोन दिवसांत आलेली. मागे कॉइनबेस नाही, पूलच्या वाटपासारखं काही नाही. कोणीतरी गोल रकमा पाठवल्या, त्या सोमवारी ४० जणांत वाटल्या गेल्या. खाणीतला पैसा एक्स्चेंजमधून फिरून आला तर माग तुटतो, त्यामुळे एवढ्यावर कोर्टात काही सिद्ध होणार नाही, हे मान्य. पण कंपनीच्या माहितीपत्रकात 'खाणीतून थेट तुमच्या वॉलेटमध्ये' असं लिहिल्याचं तुम्हीच कळवलंय. थेट आलेलं नाही, हे मात्र नक्की.

बाकीच्यासाठी एक्सप्लोरर (ब्लॉक आणि व्यवहार दाखवणारं संकेतस्थळ) उघडायचीही गरज नव्हती. ०.४ वर आठवड्याला ०.००५ म्हणजे महिन्याला ५ टक्के, पुन्हा गुंतवले तर वर्षाला सुमारे ८० टक्के. तुमचं कर्ज १४ टक्क्यांनी आहे. ज्याच्याकडे ८० टक्के देणारी यंत्रं आहेत, तो १४ टक्क्यांनी कर्ज काढून आणखी यंत्रं घेईल. अनोळखी लोकांना भागीदार करून घ्यायला तो दारोदार का फिरेल?

कंपनीच्या अ‍ॅपवर 'एकूण गुंतवणूक ४० हजार बिटकॉइन' असं झळकतं म्हणता. त्याचे ५ टक्के म्हणजे महिन्याला २ हजार. एप्रिल २०२४पासून एका ब्लॉकला ३.१२५ नवीन बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगात मिळून रोज ४५० आणि महिन्याला साडेतेरा हजार. म्हणजे ही कंपनी जगातलं एक सप्तमांश मायनिंग करते, तेही विजेचं बिल न धरता, आणि एवढ्या मोठ्या खाणवाल्याचं नाव एकाही ब्लॉकमध्ये नाही? शिवाय दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण पंधरवड्याला, मायनिंगची काठिण्यपातळी बदलते. फी रोज वरखाली होते. खऱ्या खाणवाल्याची कमाई दर आठवड्याला वेगळी येते. तुम्हाला मात्र २२ सोमवार बरोबर पाच लाख सातोशी, ना एक कमी ना एक जास्त. त्या नियमितपणावर तुम्ही खूश झालात. मला तर त्यानेच घाम फुटला असता.

आता करायचं काय ते सांगतो. ०.२ टाकू नका. कंपनीकडे मुद्दल परत मागा, आजच, लेखी. आधी एखादं 'रिलीज चार्ज' किंवा 'ब्लॉकचेन व्हेरिफिकेशन फी' भरा, मग पैसे सुटतील, असं उत्तर आलं तर एक सातोशीही पाठवू नका. व्यवहाराची फी कशी निघते ते वर पाहिलंत. ती व्यवहाराच्या आतूनच वजा होते, काढणाऱ्याने आगाऊ वेगळी भरायची असते अशी फी बिटकॉइनमध्ये नाही. पुढे कोणी 'अडकलेले पैसे सोडवून देतो' म्हणत आला तर तोही त्याच माळेचा मणी समजा, आणि ज्यांनी वॉलेट उघडतं ते बारा किंवा चोवीस शब्द कोणालाही दाखवू नका.

हातात आलेले ०.११ विकून आधी कर्ज फेडा. भाव फार हलला नसेल तर कर्जातून घेतलेले ०.१ त्यात बसतील. विकण्यासाठी ते पाठवताना २२ तुकडे आपोआप एकाच व्यवहारात जातील, म्हणजे तुमचा मूळ प्रश्नही त्यात मिटला. सगळे हप्ते एकाच पत्त्यावर आलेत, त्यामुळे एकत्र केल्याने काही नवीन उघड होण्याचा प्रश्न नाही. या सगळ्याच्या नोंदी जपून ठेवा. अमेरिकेतल्या बर्नी मॅडॉफच्या घोटाळ्यात (तिथेही नव्यांच्या पैशांतून जुन्यांना परतावा दिला जात होता) मुद्दलापेक्षा जास्त काढून घेतलेल्यांकडून नंतर पैसे परत मागितले गेले होते. तुम्ही अजून तोट्यात आहात, तरी हिशेब मांडता आला पाहिजे. तक्रार सायबर गुन्हे पाहणाऱ्या यंत्रणेकडे करा, सोबत सगळे आयडी द्या. ते कोणाला पुसता येत नाहीत, तेवढीच या प्रकारातली तुमची जमेची बाजू.

०.२९ परत येतील का? मी आशा धरणार नाही, आणि घरखर्चाच्या हिशेबात ते तुम्हीही धरू नका.

आणि आज रात्री मेहुण्याला फोन करा. त्याने ०.०६ ज्या व्यवहाराने भरले त्याचा आयडी मागून घ्या. नवव्या हप्त्याच्या तिसऱ्या आदानावर क्लिक केलंत की मागच्या व्यवहाराचा आयडी दिसेल, ६४ अक्षरांचा. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. तो वेगळा निघावा असं मलाही वाटतं. पण दोन महिन्यांचे हप्ते पाहून त्याने पैसे भरले असं तुम्ही लिहिलंय, आणि नवव्या सोमवारी वाटलेले ०.०६ दोन दिवसांपूर्वीच आलेले होते.