फळ्यावर चालतो, कागदावर अडतो

प्रश्न : मी सांगोल्याजवळच्या हायस्कूलात गणित शिकवतो, वय 46. दीड वर्षापासून पेपर तपासायला पेन धरलं की अंगठा आत वळतो, मनगट वाकतं, चार ओळींत हात लाकडासारखा होतो. फळ्यावर मात्र तासभर लिहितो. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, तेव्हापासून घरचे म्हणतात, 'मनातलं आहे.' एकाने फंक्शनल एमआरआय सुचवलाय. करू का?

उत्तर : नको, सर. पत्र मुलीच्या हातचं दिसतंय. फळ्याचं वाचलं तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. खडू चालतो तो खांद्यातून, पेन बोटं-मनगटातून. याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात, डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वळण्याच्या विकाराचा, एक प्रकार. वादकांनाही असा डिस्टोनिया होतो, फक्त वाद्यावर हात ठेवला की.

साधा एमआरआय म्हणजे वर्गाचा फोटो. बाकं, फळा, मुलं जागेवर आहेत एवढं दिसतं. गोंगाट फोटोत येत नाही. तरी तो वाया गेला नाही, गाठ नाही हे कळलं. फंक्शनल एमआरआय काम करणाऱ्या भागातल्या रक्तातला ऑक्सिजनचा बदल टिपतो. त्यात हाताचा ताबा ठेवणारा मेंदूचा पृष्ठभाग, बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातले, हालचाल सांभाळणारे भाग), लहान मेंदू इथे फरक दिसलेत. पण एका अभ्यासात या भागांचं काम जास्त, दुसऱ्यात कमी! 1998 मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झच्या संशोधकांना, वेगळ्या तंत्राने, अशा वादकांच्या मेंदूत बोटांच्या जागा एकमेकींजवळ सरकलेल्या दिसल्या. पुढे फंक्शनल एमआरआयवर पाहिलं तर बोटांचा नकाशा जागच्या जागी. शिवाय हे आकडे रुग्णांच्या गटाची सरासरी असतात. एकट्या तुमच्या चित्रावरून निदान होत नाही. त्यात आडवं पडून लिहायचं, हात ओढला की डोकं हलतं आणि चित्र बिघडतं.

निदान डोळ्यांनी होतं. मी रुग्णाला डाव्या हाताने नाव लिहायला लावतो आणि टेबलावर नुसत्या ठेवलेल्या उजव्या हाताकडे बघत बसतो. कित्येकदा तो अंगठा आपसूक आत वळायला लागतो. कोणते स्नायू ओढतायत, याचा त्यातून चांगला अंदाज येतो. घरच्यांना हे एकदा दाखवा.

उपाय आहेत : जाड पेन, बदललेली पकड, नव्याने अक्षर गिरवणं, आणि नेमक्या स्नायूत तो सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. डोस चुकला तर बोट काही आठवडे लुळं पडतं, म्हणून हात बसलेल्या न्यूरॉलॉजिस्टकडेच जा. जाताना नेहमीचं लाल पेन आणि दहा-बारा उत्तरपत्रिका न्या. एमआरआयची फाइल घरी राहिली तरी चालेल.