मंत्रिमंडळ आणि मंत्रिपरिषद: राज्यमंत्री नक्की कशात मोडतो?

प्रश्न असा आलाय की बातम्यांत 'केंद्रीय मंत्रिमंडळाचा विस्तार' म्हणतात, त्यात राज्यमंत्रीही शपथ घेतात, पण मग मंत्रिमंडळाची बैठक होते तिथे हे राज्यमंत्री का नसतात? आणि 'मंत्रिपरिषद' हा त्याच गोष्टीसाठी वापरलेला जरा जड शब्द आहे का?

नाही, दोन्ही वेगळे आहेत. मंत्रिपरिषद म्हणजे सगळेच, पंतप्रधान, कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभारवाले राज्यमंत्री, नुसते राज्यमंत्री आणि असलेच तर उपमंत्री. मंत्रिमंडळ म्हणजे त्यातलेच पण वरचे, पंतप्रधान आणि कॅबिनेट मंत्री एवढेच. ९ जून २०२४ ला शपथ घेतलेलं सरकार बघा, पंतप्रधान धरून ७२ जण होते आणि त्यात कॅबिनेट मंत्री ३०, म्हणजे परिषद ७२ जणांची आणि मंडळ ३१ जणांचं. स्वतंत्र कार्यभारवाला राज्यमंत्री आपलं खातं स्वतः बघतो तरी तो मंडळात नसतो, त्याच्या खात्याचा विषय निघाला की बैठकीला बोलावतात. त्यामुळे बातमीतला 'विस्तार' काटेकोरपणे बघितलं तर परिषदेचा असतो. (राज्यमंत्री म्हणजे राज्य सरकारातला मंत्री असंही बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये, हा दर्जा आहे, केंद्रातही असतो आणि राज्यातही.)

आता हा फरक नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण संविधान उघडलं की कळतं किती महत्त्वाचा आहे ते. अनुच्छेद ७४ मध्ये राष्ट्रपतींना सल्ला देणारी म्हणून जी सांगितलीय ती मंत्रिपरिषद, पंतप्रधान तिचे प्रमुख. ७५ मध्ये लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार कोण, तर तीही परिषदच. म्हणून सरकार पडतं तेव्हा फक्त कॅबिनेट मंत्री जात नाहीत, सगळ्यात ज्युनियर राज्यमंत्रीसुद्धा जातो. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, एका मताने पडलं आणि अख्ख्या परिषदेचा राजीनामा द्यावा लागला. पंतप्रधानांनी स्वतः राजीनामा दिला तरी तसंच. मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, ही २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीतली मर्यादाही परिषदेलाच आहे, ५४३ जागांच्या हिशोबाने पंतप्रधानांसकट जास्तीत जास्त ८१.

आणि मंत्रिमंडळ, म्हणजे कॅबिनेट? मूळ संविधानात हा शब्दच नव्हता! रोजचा कारभार मंडळच चालवत होतं, मोठे निर्णय तिथेच होत होते, पण ते सगळं कामकाजाच्या नियमांवर आणि प्रथेवर. मग २५ जून १९७५ ची रात्र आली. इंदिरा गांधींनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना आणीबाणीचा सल्ला दिला, त्यांनी रात्रीच सही केली आणि मंत्रिमंडळाला बोलावलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे, सही होऊन गेल्यावर. म्हणजे सल्ला प्रत्यक्षात एकट्या पंतप्रधानांचा. त्यामुळेच १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५२ मध्ये अट घातली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करायची नाही, आणि तिथे मंत्रिमंडळ म्हणजे कोण तेही लिहून ठेवलं, पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे इतर मंत्री. एक शब्द संविधानात आला तो एका माणसाच्या हातात सगळं राहू नये म्हणून, मला तरी हे फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच हे दोन शब्द सरमिसळ करून वापरलेले बघितले की खटकतं.

बाकी पंतप्रधानांचं वजन दोन्हीकडे आहेच. कोणाला मंत्री करायचं, कोणाला कुठलं खातं, कोणाला काढायचं, सगळं त्यांच्या सल्ल्याने. मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो असं संविधान म्हणतं, पण ही मर्जी म्हणजे व्यवहारात पंतप्रधानांची मर्जी.

शुद्धलेखनाचंही सांगतो कारण प्रश्नात 'मंत्रीमंडळ' असं लिहिलं होतं. सुटा शब्द 'मंत्री' दीर्घ, पण मूळ संस्कृत शब्द 'मंत्रिन्', समासात तो आधी आला की 'त्रि' ऱ्हस्व: मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद, मंत्रिपद, अगदी मुख्यमंत्रिपदसुद्धा. प्राणिसंग्रहालय, पक्षिनिरीक्षण हे त्याच नियमातले. उलट 'राज्यमंत्री', 'प्रधानमंत्री' मध्ये मंत्री शेवटी आहे म्हणून दीर्घच.

मग लिहायचं कसं? 'पाच नवे राज्यमंत्री मंत्रिपरिषदेत' आणि 'निर्णयाला मंत्रिमंडळाची मंजुरी'. बोलताना 'मंत्रिमंडळात घेतलं' म्हणालात तर कोणी अडवणार नाही, मराठीत ते रुळलंय, पण अधिकार कोणाचा हा मुद्दा असेल तिथे तरी नेमका शब्द वापरा.