शब्दांआधीचा संवाद
ऑटिझम (स्वमग्नता) असलेले आपले मूल अजून बोलत नाही, या काळजीने तुमची झोप उडाली असेल, पण शब्दांची वाट पाहत संवाद थांबवू नका. चित्रकार्डे वापरल्याने बोलणे खुंटते, ही भीती निराधार आहे. उलट, पाण्याचे चित्र हातात आणून दिले की पाणी मिळते, हे एकदा उमगले की मुलाची चिडचिड बरीच कमी होऊ शकते. मिक्सर सुरू होताच कानांवर हात ठेवणारे मूल हट्टी नसते, त्याला तो आवाज खरोखरच सोसत नाही. ऑटिझमचे खापर आईच्या मायेवर फोडणारे १९५०-६०च्या दशकांतले मत विज्ञानाने केव्हाच मोडीत काढले आहे. तेव्हा नातेवाईक काहीही म्हणोत, स्वतःला दोष देऊ नका. 'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यांवर मात्र पैसे घालवू नका. ते वाचा-उपचारासाठी आणि, हे मी आग्रहाने सांगते, तुमच्या स्वतःच्या विश्रांतीसाठी राखून ठेवा.