वाचकांचे प्रश्न : नावेला चाके कशासाठी?

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कात्रणांत एका विमानाचे छायाचित्र मिळाले. खाली नाव, नावेला चाके, वर दोन इंजिने आणि शेपटी मात्र दोन दांड्यांवर अधांतरी धरलेली. 'सिकोर्स्की एस-३८' एवढेच खाली छापले आहे. हे कशासाठी वापरत असत, आणि ते आमच्या ठाणे खाडीत उतरले असते का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : पुढे हेलिकॉप्टरसाठी ख्यातनाम झालेल्या इगोर सिकोर्स्की यांचे हे उभयचर विमान १९२८ मध्ये अमेरिकेत प्रथम उडाले आणि अशी शंभराहून थोडी अधिक विमाने तयार झाली. त्याचे रूप ओबडधोबड आहे खरे, पण त्या प्रत्येक विचित्रपणामागे पाणी आहे. इंजिने आणि शेपटी उंचावर ठेवली ती उसळणाऱ्या तुषारांपासून वाचावीत म्हणून. नावेच्या तळाला पायरीसारखी खाच असते. वेग वाढला की तिच्यामागे हवा शिरते आणि तळाला धरून ठेवणारे पाणी सुटते. म्हणूनच अगदी आरशासारख्या संथ पाण्यापेक्षा किंचित लहरी असलेल्या पाण्यावरून अशी विमाने सहज उठतात, हे पुष्कळांना उलटे वाटते.

त्या काळी कॅरिबियन बेटांवर धावपट्ट्या थोड्या होत्या, बंदरे मात्र जागोजाग होती. त्यामुळे पॅन अमेरिकन कंपनीने ही विमाने घेतली, आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी याच विमानातून मायामीहून पनामा कालव्याच्या प्रदेशापर्यंत टपाल नेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात हवाई बेटांमधील प्रवासी सेवाही या विमानांनी सुरू झाली. मार्टिन आणि ओसा जॉन्सन या दांपत्याने तर आपल्या विमानाला झेब्र्याचे पट्टे रंगवून आफ्रिकेत वन्यजीवांचे चित्रीकरण केले. मला स्वतःला अधिक मौजेची वाटते ती १९३५ ची मोहीम : एका अमेरिकन मेण-उत्पादकाने कार्नाउबा नावाच्या ताडवृक्षाच्या शोधात असेच विमान थेट ब्राझीलपर्यंत नेले.

आता चाकांविषयी. केवळ उडत्या नावेला पाण्याबाहेर यायचे तर वेगळी चाकांची गाडी जोडावी लागते. एस-३८ मात्र चाके खाली सोडून स्वतःच उतारावरून किनाऱ्यावर चढत असे, आणि हवे तेव्हा साध्या मैदानावरही उतरत असे. खाऱ्या पाण्यात धातू फार लवकर गंजतो, त्यामुळे रात्री विमान कोरड्यावर घेऊन गोड्या पाण्याने धुता येणे ही मोठीच सोय होती.

आपल्या खाडीत भरतीच्या वेळी, मोकळा लांब पट्टा पाहून, ते उतरू शकले असते. ओहोटीला मात्र नाही, कारण चाकांना टणक जमीन लागते, आणि कोपरीच्या बाजूला ओहोटीनंतर तिवरांच्या पुढे किती खोल चिखल उघडा पडतो हे आपण जाणताच.