चाकणच्या आईंचं पत्र : मुलाला सीपीआरचा प्रशिक्षक व्हायचंय

'मुलगा चाकणला एका कंपनीत सेफ्टी विभागात आहे. कंपनीत प्रथमोपचाराचं शिबिर झालं, तेव्हापासून मला हेच शिकवायचंय म्हणतो. तो डॉक्टर नाही, नर्सिंगही केलेलं नाही. एका दिवसात ऑनलाइन प्रशिक्षक करतो अशी जाहिरात त्याने पाहिली आहे. पैसे भरू का?'

ताई, भरू नका. मोठ्या माणसाला सीपीआर देताना, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवताना, छाती किमान 5 सेंटिमीटर दाबायची, 6 च्या पुढे जायचं नाही, वेग मिनिटाला 100 ते 120, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मोबाइलवर पाहून हे कळतं, हाताला येत नाही. त्याला तर समोरच्या वीस जणांतल्या कोणाचं कोपर वाकतंय, तेही ओळखायचं आहे.

त्याने आधी रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सच्या पुण्यातल्या शाखेत चौकशी करून प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र घ्यावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा रस्ता धरला, तर आधी कोर्स करून स्वतःचं प्रमाणपत्राचं कार्ड, मग एखाद्या अधिकृत केंद्राने प्रशिक्षक म्हणून स्वीकारणं, प्रशिक्षकाचा कोर्स आणि जाणत्याच्या देखरेखीखाली पहिला वर्ग. कार्ड दोन वर्षं चालतं. सर्वसामान्यांसाठीचा हार्टसेव्हर आणि दवाखान्यातल्यांसाठीचा बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) हे वेगळे वर्ग आहेत. त्याचा ओढा पहिल्याकडे असावा. केंद्र वैद्यकीय शिक्षण मागतं का, हे फी भरण्याआधीच विचारा.

नोकरी मात्र सोडू देऊ नका. हे काम बहुधा वर्गागणिक मिळतं, महिन्याच्या पगारासारखं नाही. शिवाय सेफ्टीचा अनुभव हीच त्याची जमेची बाजू आहे. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 45 ने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला माणूस सक्तीचा केला. कारखान्यांना ही गरज का पडते, हे तुमच्या मुलाला आतून माहीत आहे.

खरं कसब पुढे लागतं. फिट आली की नाकाशी कांदा नाहीतर चप्पल, भाजलं की टूथपेस्ट, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी. हे सगळं प्रेमापोटी करणारी माणसं समोर बसलेली असतात. त्यांना न लाजवता ती सवय सोडवायची असते. 'पोलिसांच्या भानगडीत कोण पडेल?' हा प्रश्नही येणारच. अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 134अ कलमाचं संरक्षण आहे, हे त्याला सोप्या मराठीत सांगता आलं पाहिजे. असं शिकवणारे मला फार हवे आहेत, म्हणून तुमचं पत्र वाचून आनंद झाला.

या रविवारी त्याला घरीच दहा मिनिटं शिकवायला सांगा. समोर उशी ठेवा. 108 ला फोन कधी करायचा इथपासून सुरुवात करू दे. जिथे तुम्हाला समजणार नाही, तिथे त्याला थांबवा. तो चिडतो की पुन्हा सांगतो, ते मला कळवा.