प्रौढांना इंग्रजी शिकवायला परदेशी जाण्याआधी: माझा अनुभव

तुम्ही विचारलंय की शिकवण्याचा अनुभव नाही, इंग्रजी मातृभाषा नाही आणि स्वयंसेवक पाठवणारी संस्था तीन महिन्यांसाठी शुल्क मागतेय, तर जावं का? मी दोन देशांत मिळून चौदा महिने प्रौढांचे वर्ग घेतले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मातृभाषेची काळजी सोडून द्या. इंग्रजी तुम्ही शिकून मिळवलीत, हीच तुमची जमेची बाजू आहे. नामाआधी 'अ' लावायचा की 'द', हे आपल्याला घोकावं लागलं, कारण मराठीत असलं काही नाहीच. रशियन बोलणाऱ्याचीही तीच अडचण असते आणि ती त्याला कुठे टोचते हे तुम्हाला पटकन कळेल. उच्चारांवर मात्र मेहनत घ्या. 'पेन'मधला 'प' इंग्रजीत श्वास सोडून, थोडा 'फ'कडे झुकवून म्हणतात. आपला कोरडा 'प' इंग्रजी कानाला 'ब'सारखा ऐकू येऊ शकतो.

अनुभवाचं तसं नाही. तो थोडा तरी हवाच. केंब्रिजच्या 'सेल्टा' या इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीच्या अभ्यासक्रमात किमान 120 तास असतात आणि त्यातले 6 तास प्रशिक्षकासमोर खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. माझ्या मते सगळ्यात मोलाचे तेच 6 तास. तो खर्च झेपत नसेल तर निघण्याआधी ओळखीतल्या दोन-तीन मोठ्या माणसांना महिनाभर शिकवा. नुसते व्हिडिओ बघून मिळवलेलं प्रमाणपत्र वर्गात फारसं कामी येत नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. एक बाई उठल्या आणि दुभाषामार्फत शांतपणे म्हणाल्या, "माझं नाव मी चार शिक्षकांना सांगून झालंय. डॉक्टरांशी कसं बोलायचं ते कधी शिकवणार?" माझ्या आधी चार स्वयंसेवक येऊन गेले होते. प्रत्येकाने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली होती आणि जाताना एकानेही कुठे पोचलो याची नोंद ठेवली नव्हती. त्या बाई दिवसभर काम करून, मुलांची सोय लावून वर्गाला येत होत्या. त्यांचा वेळ असा वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच वर्गात बांधकामावरचे एक वयस्कर गृहस्थ होते. "समजलं का?" म्हटलं की मान डोलवायचे, फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घ्यायचे. तीन आठवड्यांनी मला कळलं की त्यांना रोमन लिपी वाचताच येत नव्हती. ते अक्षरांची चित्रं काढत होते. मोठं माणूस चारचौघांत "मला येत नाही" म्हणत नाही, त्यामुळे तो प्रश्न मी कायमचा सोडला. त्याऐवजी फॉर्म पुढे ठेवायचा आणि तारीख कुठे लिहायची ते दाखवायला सांगायचं. त्यांच्यासोबत मी वर्गाआधी अर्धा तास बसू लागले. सुरुवात केली त्यांच्या नावापासून आणि कामावरच्या धोक्याच्या पाट्यांपासून. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली अंजिकोस इथे सुमारे 300 जणांना साधारण 40 तासांत लिहाय-वाचायला शिकवलं, तेही 'वीट'सारखे शिकणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन. ते त्यांच्या स्वतःच्या भाषेत होतं, तेव्हा इंग्रजीत तेवढ्या वेगाची अपेक्षा धरू नका. शब्दांची निवड मात्र तशीच करा.

कामाच्या पाळ्या बदलल्या की निम्मा वर्ग रिकामा होतो. म्हणून प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण हवा. कालचा बुडाला तरी आज येणाऱ्याला काहीतरी हाती लागलं पाहिजे.

शुल्क मागितलं म्हणून संस्था खोटी ठरत नाही. राहणं, जेवण, विमा, देखरेख यांना खर्च येतोच. पण हिशेब लेखी मागा. तुम्ही फुकट शिकवल्याने तिथल्या एखाद्या शिक्षकाची नोकरी जात नाही ना, हेही विचारा.

व्हिसाबाबत अजिबात ढिलाई नको. बिनपगारी काम असलं तरी अनेक देशांत पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. मला एका संस्थेने विमानतळावर "फिरायला आलेय" असं सांगायला सुचवलं होतं. मी तिथे गेलेच नाही. नियम त्या देशाच्या दूतावासाकडूनच विचारून घ्या.

तीन महिने कमी आहेत का? अमेरिकी सरकारच्या 'पीस कोअर' या स्वयंसेवक योजनेत (ती फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे) कालावधी 27 महिन्यांचा असतो आणि त्यातले पहिले साधारण तीन महिने प्रशिक्षणातच जातात. त्यात स्थानिक भाषाही शिकवतात. तरी पुढे वर्ग सांभाळणारं कुणी असेल, तर तीन महिन्यांतही खूप काही होतं. रोज वहीत लिहा: कोण कुठवर आलं, कुणाला कशासाठी इंग्रजी हवंय, कोण कुठे अडतंय. निघताना ती वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्या.

तेव्हा पैसे भरण्याआधी संस्थेला दोन प्रश्न लेखी विचारा: माझ्या आधीच्या शिक्षकाच्या नोंदी मला मिळतील का, आणि माझ्यानंतर हा वर्ग कोण घेणार? उत्तर आलं की इथे टाका, आपण बघू.