टँगल्डवर स्वतःचा नॉट चालवला की कुणाचं मिंधं राहावं लागत नाही, हे खरं का? त्यासाठी मशीन किती मोठं लागतं?

टँगल्ड म्हणजे गिटहबसारखी, पण विकेंद्रित साइट, आणि नॉट म्हणजे तिच्यासाठी रेपो (कोडचे साठे) ठेवणारा सर्व्हर. मशीनचं आधी उरकतो. आठ-दहा जणांच्या रेपोंना एक कोअर आणि १ जीबी रॅम पुरते. रॅम नॉट खात नाही, गिट खातं. मोठा रेपो रीपॅक होताना (गिट साठा दाबून एकत्र बांधतं तेव्हा) प्रत्येक थ्रेड वेगळी मेमरी घेतो आणि गिटच्या ‘पॅक विंडो मेमरी’ या सेटिंगला मुळात मर्यादाच नसते. ती १०० एमबीवर आणा, ‘पॅक थ्रेड्स’ १ करा, म्हणजे कर्नल मधेच प्रोसेस मारणार नाही. नॉट गो भाषेत आहे, पण एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठी सीगो (गोमध्ये सी भाषेतला कोड जोडण्याची सोय) चालू ठेवून बिल्ड करावा लागतो. छोट्या सर्व्हरवर बिल्ड रखडतो म्हणून लॅपटॉपवर करायला जाल, तर नव्या ग्लिबसीवरची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बायनरी जुन्या ग्लिबसीवर उठत नाही. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा.

आता मिंधेपणाचं. या मुद्द्यावर माझा जुना वाद आहे. समोरची मंडळी म्हणतात, कोड माझ्या डिस्कवर आला, मी सुटलो. अहो, कोड गिट आल्यापासून तुमच्या डिस्कवरच आहे! प्रत्येक क्लोनमध्ये सगळा इतिहास असतो. अडकलेलं असतं ते दुसरंच. त्याकडे येतोच, पण आधी पुशचं (कोड सर्व्हरवर पाठवण्याचं) सांगतो, कारण बरेच जण तिथेच गळतात.

नॉट पब्लिक की फाइलमध्ये लिहून ठेवत नाही. एसएसएचडीच्या (सर्व्हरवर एसएसएच जोडण्या घेणारा प्रोग्राम) कॉन्फिगमध्ये गिट युजरसाठी मॅच ब्लॉक टाकायचा, त्यात ‘ऑथराइज्ड कीज कमांड’ म्हणून नॉटचीच बायनरी ‘कीज’ सबकमांडसह द्यायची, आणि ती चालवणारा युजर ‘नोबडी’. कुणी पुश करायला आलं की एसएसएचडी ती कमांड चालवतो, ती लोकलहोस्टवर ५४४४ पोर्टवरच्या नॉटच्या अंतर्गत एपीआयकडे की मागते, आणि तिथून आलेल्या यादीत तुमची की असेल तरच पुढचं काम होतं. ही साखळी कुठेही तुटली तरी पुश करणाऱ्याला दिसतं एकच: परमिशन डिनाइड, पब्लिक की. मग लोक नव्या की बनवत बसतात. की बहुधा बरोबरच असते.

पहिल्यांदा सर्व्हिस चालू आहे का बघा. नॉट पडलेला असेल तर कमांडला यादीच मिळत नाही. मग बायनरी. तिचा मालक रूट हवा, ग्रुपला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नको, आणि वरच्या प्रत्येक फोल्डरलाही हाच नियम. कुणाच्या तरी होम फोल्डरात ठेवलेली बायनरी एसएसएचडी ‘अनसेफ’ म्हणून नाकारतो, आणि हे फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं. म्हणून ती यूएसआर-लोकल-बिनमध्ये हलवा. सुरक्षेच्या नावाखाली गिट युजरला ‘नोलॉगिन’ शेल देऊ नका. की जुळल्यावर नॉटची कमांड त्या शेलमार्फतच चालते. ही चूक निदान लगेच ओळखू येते, कारण की स्वीकारली जाते आणि मग खातं उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. एसएसएचडीत पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) बंद असेल तर पासवर्ड न दिलेलं खातं ‘लॉक’ समजून परत पाठवलं जातं, तेही तपासा.

मॅच ब्लॉक फाइलच्या तळाशीच हवा, कारण त्याखालची प्रत्येक ओळ त्या ब्लॉकचीच धरली जाते. रीलोडपूर्वी एसएसएचडीला छोट्या ‘टी’चा फ्लॅग देऊन कॉन्फिग तपासा. मोठा ‘टी’ आणि सोबत मोठ्या ‘सी’ने गिट युजर दिला, की त्याला प्रत्यक्षात कोणतं सेटिंग लागू होतंय ते छापून येतं. हे सगळं दुसरं सेशन उघडं ठेवून करा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

डोमेन सीडीएनच्या (मधे राहून वेबची पानं पोचवणारी सेवा) प्रॉक्सीमागे असेल तर वेबची बाजू चालेल आणि पुश टाइमआउट होईल, कारण २२ पोर्ट त्या प्रॉक्सीतून जात नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सगळं नॉटच्या ५५५५ पोर्टकडे वळवायचं, पण ‘इव्हेंट्स’ पाथला वेबसॉकेटचे अपग्रेड हेडर वेगळे द्यायचे. ते राहिले तर क्लोन होतो, पुशही होतो, फक्त स्पिंडलला (टँगल्डचा सीआय, म्हणजे पुशनंतरच्या आपोआप चाचण्या, चालवणारा सर्व्हर) पुश झाल्याचा पत्ता लागत नाही आणि सीआय गप्प बसतो. एनजिनएक्सचा रीड टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. या पाथसाठी तोही वाढवा.

आता अडकलेलं काय असतं ते. नॉटवर राहतात रेपो आणि एक छोटा डेटाबेस. बस्स. इश्यू, पुल रिक्वेस्ट, कॉमेंट, स्टार हे एटी प्रोटोकॉलचे (ब्लूस्काय ज्यावर चालतं तो) रेकॉर्ड आहेत आणि ते ज्याने लिहिले त्याच्या पीडीएसमध्ये (खात्याचा डेटा ठेवणारा सर्व्हर) राहतात. तुमच्या रेपोवर दुसऱ्याने टाकलेला इश्यू तुमच्याकडे नाहीच. त्याने खातं मिटवलं तर तुमच्या नॉटच्या बॅकअपमधून तो निघणार नाही. हे रेकॉर्ड गोळा करून पानं दाखवणारा सर्व्हर, म्हणजे अ‍ॅपव्ह्यू, वेगळा, आणि बहुतेक जण टँगल्डचाच वापरतात. ओळखपत्र म्हणजे बहुधा पीएलसी प्रकारचा डीआयडी (खात्याचा कायमचा ओळख क्रमांक), त्याची नोंदवही ब्लूस्कायने सुरू केलेली आणि एकच. वेब प्रकारचा डीआयडी घेतला तर नोंदवही टळते, पण डोमेनचं नूतनीकरण चुकलं की ओळखही गेली.

मोकळं व्हायचंच असेल तर नॉटच्या आधी रोटेशन की (डीआयडीच्या नोंदीत बदल करण्याचा हक्क देणारी की) हातात घ्या. पीएलसीत या कींचा क्रम असतो. खालच्या कीने केलेला बदल वरची की ७२ तासांत उलटवू शकते. दुसऱ्याच्या पीडीएसवर खातं असेल तर ही की सहसा त्यांच्याकडेच असते. आपली की यादीत पहिली लावा आणि इंटरनेटपासून दूर ठेवा. हे न करता नॉट चालवणाऱ्याला मी स्वतंत्र म्हणत नाही, मग समोरचे काहीही म्हणोत.

‘विकेंद्रित आहे, बॅकअप कशाला’ म्हणणारे वेगळेच. तुमच्या नॉटवरचा रेपो दुसऱ्या नॉटवर आपोआप जात नाही. रेपोंची गिट बंडल किंवा मिरर क्लोन काढा; पुश चालू असताना नुसती फोल्डरची प्रत घेतली तर रेफ आणि ऑब्जेक्ट जुळतीलच असं नाही. एसक्यूलाइटची फाइल कॉपी करू नका, तिचीच बॅकअप कमांड वापरा. पीडीएसमधून कार फाइल (तुमच्या सगळ्या रेकॉर्डचं गाठोडं) उतरवून घ्या, पण तिच्यात ब्लॉब (चित्रांसारख्या जोडलेल्या फाइली) येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात. रेपोंच्या फोल्डरांच्या नावात डीआयडी असतो आणि डीआयडीत कोलन. सापेक्ष पाथ दिला की आरसिंक (फाइलींची प्रत घेणारी कमांड) कोलनआधीचा भाग दुसऱ्या मशीनचं नाव समजतो. पुढे डॉट-स्लॅश लावा.

एक राहिलंच. एकट्याचा कोड असेल तर यातलं काही नको, एसएसएचवर एक बेअर रेपो (फक्त गिटचा इतिहास ठेवणारा) पुरतो. खासगी कोडही इथे नको, कारण हे रेकॉर्ड जगजाहीर असतात, तुमची पब्लिक कीसुद्धा. इश्यूही कोडसोबतच हवे असतील तर रॅडिकल ही दुसरी विकेंद्रित व्यवस्था बघा. तिथे इश्यू आणि पॅच गिटमध्येच साठतात आणि रेपोसोबत नोडवरून नोडवर जातात, पण खासगी की हरवली तर ओळख परत मिळवून देणारं कुणी नाही. आणि नॉटचे जुने लेख वाचून सेटअप करत असाल तर त्यात सर्व्हरचं ‘सीक्रेट’ टाकायला सांगितलेलं दिसेल. आता त्याजागी मालकाचा डीआयडी द्यायचा आणि मग टँगल्डच्या सेटिंगमध्ये जाऊन नॉट व्हेरिफाय करायचा.